आल्बेर्टिनाचं वजन

रविवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, सखाराम मेस्त्रीने जहाज पार्सलच्या काट्यावर ठेवलं. आठ किलो चारशे ग्रॅम. कानावरची पेन्सिल काढून त्याने आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहिला, खाली तारीख घातली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच जरा लांब उभं राहून त्या जहाजाकडे नीट बघितलं.

सव्वा मीटर लांब. काळी कूस, तिच्यावर एक पांढरा पट्टा, तीन डोलकाठ्या आणि मधोमध पिवळं धुरांडं. दीडशे वर्षांपूर्वी डच नौदलाच्या ताफ्यात असलेलं, वाफेवर चालणारं लढाऊ जहाज. नाव आल्बेर्टिना. आतून पोकळ, वर डेकच्या पट्ट्या एकेक करून बसवलेल्या. एवढं मन लावून त्याने अर्दियाच्या या कारखान्यात दुसरं काहीच केलं नव्हतं. एरवी इथे प्रदर्शनांचे स्टॉल व्हायचे, अत्तराच्या दुकानांची काउंटरं व्हायची. पण सखाराम देवगडकडचा, बाप होड्या बांधणारा, त्यामुळे जहाज म्हटलं की काम आपोआप त्याच्या टेबलावर यायचं.

हे शेवटचं. बावीस वर्षं झाली होती कुवेतमध्ये. पुढच्या रविवारचं मोपा विमानतळाचं तिकीट खिशात होतं, परतीचं नव्हतं. मात्र देश सोडायला आता कंपनीने ऑनलाइन परवानगी द्यावी लागते, आणि ती देणं सुपरवायझर अशरफच्या हातात होतं. अशरफ कासरगोडचा, माणूस वाईट नव्हता, पण त्याचं एकच पालुपद होतं, "उस्ताद, पहले जहाज डिलिव्हर, फिर बटन दबाऊँगा."

जहाज जायचं होतं समुद्रकाठच्या खैरानला. मजीद नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपल्या तिथल्या शालेत, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यात, समुद्राकडे तोंड करून, एक लांबलचक हॉल बांधला होता. त्याचे आजोबा शिडाच्या जहाजाचे नाखवा, खजूर घेऊन मुंबईला जायचे. तिथल्या भंगारबाजारातून त्यांनी एक पितळी घंटा आणली होती आणि तिच्यावर आल्बेर्टिनाचं नाव कोरलेलं होतं. त्या घंटेशेजारी आता जहाज हवं होतं. चारी बाजूंनी काचेची पेटी आणि जहाज टेकवायला काचेचीच फळी. काचवाल्याने लिहून दिलं होतं की फळी दहा किलो पेलेल, त्यावर जबाबदारी त्याची नाही. म्हणून तर वजन करायचं होतं.

सोमवारी सकाळी अशरफ पॅकिंगचा कागद भरायला आला. सखारामने आकडा सांगितला. अशरफने सवयीने जहाज पुन्हा काट्यावर ठेववलं.

"उस्ताद, आठ किलो नौ सौ है."

"आठ चार सौ. कल मैंने खुद किया."

"तो आप ही देखो."

सखारामने बघितलं. आठ नऊशे. त्याने जहाज उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. आठ नऊशे. काट्याखाली लाकडाचा भुसा गेलाय का पाहिलं, चारही पाय पुसले. मग पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवून बघितला. पाच किलो आणि वर प्लास्टिकचे काही ग्रॅम. काटा बरोबर होता.

"लिखने में गलती हुआ होगा," असं म्हणून अशरफ कागद भरून निघून गेला.

सखारामला लिहिण्यात चूक झाली असं म्हणणं फार झोंबलं. आयुष्यभर त्याने दोन गोष्टी जपल्या होत्या, हत्यारांची धार आणि लिहिलेली मापं. त्याने रंगाऱ्याला हाक मारली. रूपेश कणकवलीचा, सखारामचा अकरा वर्षांपासूनचा खोलीतला सोबती. जहाजाचा रंग त्याच्याच हातचा.

"तू परत हात मारलंस काय रंगाचो?"

"नाय रे बाबा. रंग शनवारीच सुकलो. आता हात कित्याक लावू?"

"मग अर्धो किलो खयसून इलो?"

रूपेशने खांदे उडवले. "हवेतसून. बाहेर बघ कसा गदगदता हा."

बाहेर ऑगस्ट होता. कारखान्याचा पत्रा तापून कडकड वाजत होता आणि दार उघडलं की हवा ओल्या कांबळ्यासारखी अंगावर यायची. लाकूड दमट हवा पितं हे खरं. पण रंगाचे चार हात आणि वर वार्निश लागलेलं लाकूड एका रात्रीत अर्धा किलो पाणी पीत नाही. हे रूपेशलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी सुटण्याआधी सखारामने जहाज रंगाच्या खोलीत ठेवलं. तिथे हवा कोरडी करायचं यंत्र सतत चालू असे. दाराला त्याने स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

मंगळवारी सकाळी नऊ किलो सहाशे.

तो बराच वेळ त्या हिरव्या आकड्याकडे बघत उभा राहिला. मग त्याला राग आला. भीती वगैरे नाही, निव्वळ राग. कोणीतरी आपली मस्करी करतंय, म्हाताऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात मजा बघतंय, असं वाटून त्याने रंगाची खोली धुंडाळली, कुलूप तपासलं, जहाजाचा प्रत्येक सांधा भिंग लावून पाहिला. कुठे छिद्र नव्हतं, भेग नव्हती, नवा रंग नव्हता. कूस दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि कोरडी. जहाजाखालच्या लाकडी घोडीला त्याने जाड फेल्ट चिकटवलं होतं, ते मात्र दबून कागदासारखं पातळ झालं होतं.

त्याच दुपारी ज्ञानदा आली. ती मूळची पुण्याची, कुवेतच्याच सलवा भागात राहायची. नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं हॉलंडमध्ये काढली होती आणि तिथे रिकामी बसण्यापेक्षा डच शिकली होती. मजीदसाहेबांच्या हॉलमधल्या पाट्या लिहायचं काम तिच्याकडे होतं. जहाज बांधताना सखारामला जे जे अडलं, तोफा किती, होड्या कुठे टांगलेल्या, ते तिने कागदपत्रांतून शोधून दिलं होतं.

आज तीही वैतागलेलीच होती. फाइल तिने टेबलावर जवळजवळ आपटली.

"काका, एकशेवीस शब्द दिलेत मला. एकवीस वर्षांची नोकरी केली या जहाजाने, आणि एकशेवीस शब्दांत बसवा म्हणतात."

"वाचा तरी," सखाराम म्हणाला. "मीपण ऐकतो. बांधलं मी, आणि त्याने केलं काय ते मला ठाऊक नाही."

ज्ञानदाने वाचायला सुरुवात केली. १८७१ साली ॲमस्टरडॅमच्या गोदीत पाण्यात सोडलं. पुढच्या वर्षी सुएझमार्गे बटाव्हियाला. मग सुमात्राच्या टोकाला आचेच्या सुलतानाशी लढाई जुंपली, तेव्हा तिथल्या किनाऱ्याची नाकेबंदी. १८७५मध्ये सुराबायाला बॉयलर बदलले. पुढे बोर्निओच्या बाजूला चाच्यांच्या मागावर. शेवटची तीन वर्षं बंदरात पहाऱ्याला. १८९२ला यादीतून नाव काढलं आणि भंगारात विकलं.

"माणसं एवढी टापटिपीची," ती म्हणाली, "की प्रत्येक फेरीचे रकाने भरलेत. खलाशी किती, शिपाई किती, कोळसा किती टन, पाणी किती. जहाजावरच्या कोंबड्यासुद्धा मोजल्यात. आणि मग हे बघा."

तिने एक पान त्याच्यापुढे सरकवलं. डच अक्षरं त्याला कळण्यासारखी नव्हती, पण रकाने कळत होते. एका ओळीत दोन चौकोन रिकामे होते.

"१८७७चा सप्टेंबर. पाडांगहून आचेला. लिहिलंय, 'बेड्यांतले मजूर नेले. झाकणं बंद. दर्या शांत.' बेड्यांतले म्हणजे शिक्षा झालेले कैदी. लढाईत ओझी वाहायला, रस्ते करायला न्यायचे त्यांना. किती चढवले, हा रकाना कोरा. किती उतरवले, तोही कोरा."

"पुढे?"

"पुढची नोंद सुराबायाची. 'तळ धुतला. आतून चुना मारला.' बस. मी तीनदा लिहिलं तिकडच्या दफ्तरखान्याला. म्हणतात, जे आहे ते एवढंच आहे, मॅडम." तिने फाइल मिटली. "कोंबड्या मोजतात, काका."

वजनाचं तिला सांगावं असं सखारामच्या मनात आलं, पण काय सांगायचं तेच कळेना. जाताना ज्ञानदाने सहज जहाजाच्या कुशीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

"उन्हात ठेवलं होतंत का?"

"नाही. का?"

"गरम लागतंय."

ती गेल्यावर त्याने आपला तळवा टेकवून पाहिला. खोलीत वीस डिग्रीचा एसी चालू होता. धुरांडं गार होतं, डोलकाठ्या गार होत्या, डेक गार होता. फक्त कूस, पांढऱ्या पट्ट्याच्या खालची, कोमट होती. तापलेली नव्हे. कोमट, माणसाच्या अंगासारखी.

बुधवारी सकाळी दहा किलो सातशे.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अशरफने आकडा पाहिला आणि त्याचा आवाज चढला. "उस्ताद, काँच दस किलो का है! अंदर क्या डाला आपने? सीसा डाला?"

"कुछ नहीं डाला. बंद है अंदर से, तुमको मालूम है."

"नया काँच दस दिन लेगा. गुरुवार सुबह गाड़ी निकलेगी, शुक्रवार को मेहमान आ रहे हैं. मैं मालिक को क्या बोलूँ, जहाज मोटा हो गया?"

"डेक खोलके देखता हूँ."

"नहीं. कोई खोलना-वोलना नहीं. खराब हुआ तो आपका परमिट भूल जाओ." अशरफने फोन कानाला लावला आणि काचवाल्याशी वाद घालत तो बाहेर निघून गेला.

सखाराम स्टुलावर बसला. गावी बायकोला तो रोज सांगत होता की आता पाच दिवस, आता चार दिवस. हिशेबाने सगळं जुळत आलं होतं. आणि आता आपल्याच हाताने केलेली एक लाकडी वस्तू आपल्याला सोडायला तयार नाही, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने बाहीने पुसलं आणि उठून हत्यारांची पेटी उघडली.

"काय करतंस?" रूपेशने विचारलं.

"दार लाव."

धुरांड्याच्या पुढे, डेकच्या मधोमध, तळातल्या खणात उतरायच्या तोंडावरचं झाकण होतं. तळहाताएवढं, पट्टीने मोजून बनवलेलं, चारी कडांनी सरसाने पक्कं केलेलं. सखारामने बारीक पात्याची करवत घेतली आणि कडेकडेने सरस कापायला लागला. जहाज काट्यावरच होतं, कारण उतरवायचं कुणाला सुचलंच नाही. रूपेश नाक धरून जवळ उभा होता. नाक धरलंय हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

चौथी कड सुटली. सखारामने पटाशीच्या टोकाने झाकण उचललं आणि डेकवरच बाजूला ठेवलं.

आतून वास आला. सरसाचा नाही, लाकडाचाही नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात त्यांच्या बिल्डिंगचा एसी तीन दिवस बंद पडला होता, तेव्हा आठ-आठ जणांच्या खोल्यांतून यायचा, तो वास. दार लावून झोपलेल्या पुष्कळ माणसांचा.

रूपेश दोन पावलं मागे सरला.

सखारामने मोबाइलचा टॉर्च लावला आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

आत काहीच नव्हतं.

पोट रिकामं. शिसं नाही, पाणी नाही, वाळूचा कण नाही. त्याने टॉर्च हळूहळू बाजूला फिरवला.

पोट कोरताना आतली बाजू त्याने तशीच खडबडीत ठेवली होती. न दिसणाऱ्या जागेला कोण पॉलिश करतो? पटाशीचे ओरखडे, उठलेले तुसे, पेन्सिलच्या खुणा, सगळं त्याच्या ओळखीचं होतं.

ते ओरखडे काही ठिकाणी नव्हते.

दोन्ही कुशींना, तळापासून थोड्याशा उंचीवर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे डाग होते. काळपट. तेलकट. गुळगुळीत झिजलेले. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, मध्ये तिळाएवढीही जागा न सोडता.

सखारामला ते काय आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. खोलीत त्याच्या खाटेलगतच्या भिंतीवरही तसाच डाग होता. रोज कामावरून येऊन तो जिथे पाठ टेकून बसायचा, तिथे. बावीस वर्षांत पडलेला.

"काय हा?" रूपेशने मागूनच विचारलं.

"पाठी," सखाराम म्हणाला.

"कसल्यो पाठी?"

सखारामने टॉर्च विझवला. तेवढ्यात रूपेशने त्याचा दंड धरला आणि काट्याकडे बोट दाखवलं.

दहा किलो सहाशे साठ.

आकडा उतरत होता. सलग नाही. थांबायचा, मग थोडासा उतरायचा. पुन्हा थांबायचा. मध्ये एकदा बराच वेळ अडकून राहिला, आणि मग दोन-तीनदा भराभर उतरला. दोघेही बघत राहिले. बाहेर कुणीतरी करवतयंत्र चालवत होतं, चहाची घंटा झाली, लोकांचे आवाज आले आणि गेले. रूपेशने मध्येच हात जोडले, मग लाज वाटल्यासारखे खाली सोडले.

आठ किलो चारशेला आकडा थांबला. पुढे हलला नाही.

सखारामने कुशीवर हात ठेवला. गार होती.

झाकण परत चिकटवायला त्याने सरसाची बाटली उघडलीसुद्धा. ब्रश बुडवला. मग तसाच धरून उभा राहिला. ब्रशच्या टोकावरून एक थेंब टेबलावर पडला, लांबट होऊन गोठला. बाटलीला बूच लावून त्याने पितळेच्या दोन बारीक गुट्ट्या कापल्या, त्यांवर झाकण तिरकं टेकवलं आणि एका बाजूने बोट जाईल एवढी फट ठेवली.

"नकाशात तसा नाय हा," रूपेश म्हणाला.

"नसूदे."

गुरुवारी सकाळी अशरफलाही फट दिसली. पण काट्यावर आठ चारशे होते, आणि त्या आनंदात त्याला वाद घालायचा नव्हता. ज्ञानदाही त्यांच्यासोबत खैरानला निघाली होती. तिने झाकणाकडे पाहिलं, मग सखारामकडे.

"तसंच असू दे," ती म्हणाली. "मजीदसाहेबांना मी सांगेन, बंदरात उभं असलेलं जहाज आहे म्हणून. बंदरात झाकणं उघडी असतात."

गाडीत, बराच वेळ गेल्यावर, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाटीवर एक ओळ घातली होती मी. या फेरीत किती माणसं होती याची नोंद सापडत नाही, एवढीच. ऑफिसने काढून टाकली. म्हणाले, शब्द जास्त होतात." ती कडवट हसली. "नऊ शब्द होते, काका."

सखारामने तेव्हा तिला डागांचं सांगितलं. पुढे बसलेल्या अशरफला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, आणि मापं सांगावीत तसं, कोरडेपणाने. ज्ञानदा खैरान येईपर्यंत फाइल मांडीवर घट्ट धरून बसली.

जहाज काचेच्या पेटीत बसलं. फळीने हूं की चूं केलं नाही. मजीदसाहेबांनी स्वतःच्या हाताने सखारामला कॉफी दिली आणि खांद्यावर थोपटलं. शुक्रवारी पाहुणे आले, फोटो झाले, अशरफने ते सगळ्यांना पाठवले. परवानगीचं बटन मात्र दाबलं नाही. शनिवारी सकाळी सात वाजता त्याचाच फोन.

"उस्ताद, खैरान से फोन आया. काँच अंदर से धुँधला हो रहा है. सील लीक है. आप जाओ, ठीक करो, फोटो भेजो. फोटो आया कि मैं परमिट कर दूँगा. कसम से."

सखारामच्या तोंडात शिवी आली, ती त्याने गिळली. सील काचवाल्याचं काम. पण दुसऱ्या दिवशी विमान होतं. बॅग भरलेली होती, वर दोरी बांधायची तेवढी राहिली होती. तो ड्रायव्हरला घेऊन निघाला. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरं वाळवंट, आणि सगळा वेळ तो मनात अशरफशी भांडत होता.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. आंध्रकडचा एक म्हातारा सफाईवाला दार उघडून देऊन निघून गेला, आत थांबला नाही. एसीची संथ घरघर चालू होती. मोठ्या खिडक्यांतून समुद्र दिसत होता, निळा, सपाट, त्यावर एकही बोट नव्हती.

सखारामने आधी सील तपासलं. चारही कडा बोटाने दाबून पाहिल्या, एक केस तरी आत सरकतो का ते पाहिलं. सील पक्कं होतं. मग तो काचेकडे वळला.

तीन बाजूंच्या काचा स्वच्छ होत्या. चौथीवर, समुद्राकडच्या काचेवर, वाफ धरली होती. पण सगळीकडे नाही. खालच्या बाजूला, एका ओळीत, बारीक बारीक ठिपके. मसुराच्या दाण्याएवढे. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्याने खिशातून फडकं काढून पुसलं. ठिपके गेले नाहीत. ते आतून होते.

फोन वाजला. अशरफ. "हुआ क्या, उस्ताद?"

"हो गया," सखाराम म्हणाला. "सील ठीक है."

"फोटो?"

त्याने जहाजाचा फोटो काढला, स्वच्छ काचेच्या बाजूने, आणि पाठवला. मग गुडघ्यांवर बसून स्टीलची पट्टी काचेला लावली. फळीपासून ठिपक्यांपर्यंतची उंची मोजली. बत्तीस मिलिमीटर. पुढचा एकतीस. पुढचा तेहतीस. सात महिने तो जहाजाची दारं, शिड्या, कठडे याच मापाने कापत आला होता. या मापात उभा माणूस पस्तीस मिलिमीटरचा भरतो. तोंड त्याच्या थोडं खाली.

त्याने पट्टी खाली ठेवली.

मोबाइलवर मेसेज आल्याचा आवाज झाला. परवानगी मिळाली होती. त्याने मेसेज उघडला, वाचला, आणि तरी उठला नाही. काचेपासून वीतभर अंतरावर, स्वतःचा श्वास तिच्यावर पडू नये म्हणून तोंडावर फडकं धरून, तो बघत राहिला.

ठिपके बारीक होत होते आणि पुन्हा भरत होते. सगळे एकाच वेळी नाही. ज्याचा त्याचा वेगळा.